वजन उतरवायचंय? आपल्या दमाला झेपेल असा कार्डिओ असा बसवा

वजन कमी करायचं मनावर घेतलं की बरेच जण पहिल्याच दिवशी धावायला सुटतात. तिसऱ्या दिवशी पिंढऱ्या भरून येतात, नडगी ठणकायला लागते आणि पंधरवड्यात सगळं बारगळतं. दोष इच्छाशक्तीचा नसतो, सुरुवात चुकलेली असते. कार्डिओने, म्हणजे चालणं, सायकल, पोहणं अशा दम लागणाऱ्या व्यायामाने, वजन उतरतं, पण तो महिनोन् महिने टिकला तरच. म्हणून आज जेवढा दम आहे तिथूनच सुरुवात करायची, आधी वेळ वाढवायचा आणि वेगाला अगदी शेवटी हात घालायचा.

आधी डॉक्टर, मग टेप

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, चढण चढताना छातीत भरून येत असेल किंवा बरीच वर्षं अंगाला व्यायामाची सवयच नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामात साखर खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. चालताना छातीवर दडपण आलं, हात किंवा जबडा दुखू लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. गॅस झाला असेल म्हणून अंगावर काढू नका.

मग कंबर मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे माप गेलं तर पोटावरची चरबी काळजी करण्याइतकी झाली असं धरतात. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर. रोज काट्यावर उभं राहिलं तर पाण्याचे चढउतार दिसतात आणि उगाच धीर सुटतो.

आपला वेग ओळखा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि तिच्यासाठी दमडीही खर्च होत नाही. चालता चालता बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग मध्यम, म्हणजे आपल्याला हवा तोच. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग जोराचा झाला. आरामात गाणं गुणगुणता येत असेल तर पाय उचला. सपाट रस्त्यावर मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की बहुतेकांचा मध्यम वेग सुरू होतो.

पुण्यात असाल तर पर्वतीवर हे छान कळतं. १०३ पायऱ्या आहेत. न थांबता, सोबत्याशी बोलत चढा आणि वाक्य कुठे तुटतं ते बघा. महिन्याभराने पुन्हा चढा. वाक्य आणखी वर जाऊन तुटलं तर दम वाढलाय, मग काटा काहीही दाखवो. उतरताना मात्र घाई नको, गुडघ्यांवर खरा भार उतरतानाच येतो.

नाडी मोजायची असेल तर २२० मधून वय वजा करा. ४५ वर्षांच्या माणसाचे १७५ येतात. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला ११२ ते १३३ ठोके, हा मध्यम टप्पा. हे सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे फारशी वाढत नाही, त्यांनी हा हिशेब सोडूनच द्यावा. आकडा आणि श्वास यांचं जमेना, तर श्वासाचं ऐका.

आठवड्यांची आखणी

पहिले दोन आठवडे रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पुढचे दोन आठवडे ३० मिनिटं, मग ४०, आणि सातव्या आठवड्यापासून ४५. सुरुवातीची आणि शेवटची पाच-पाच मिनिटं रमतगमत चालायचं, ती यात धरायची नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिसऱ्या आठवड्यातच तुम्ही १५० ला पोहोचता.

सातव्या आठवड्यानंतर दोन दिवस वेग चढवा. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं नेहमीच्या वेगाने, अशा सहा फेऱ्या. हे दोन दिवस लागोपाठ नकोत. वजन बरंच जास्त असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर धावणं आणि दोरीवरच्या उड्या सध्या बाजूला ठेवा. सायकल किंवा पोहणं घ्या, दम तितकाच लागतो.

पावसाळ्यात सोसायटीचा जिना कामाला येतो. चढताना जिना, उतरताना लिफ्ट. पाच-सहा मजल्यांच्या काही फेऱ्यांत चांगला घाम निघतो. जिना नको असेल तर सूर्यनमस्कार घाला, पण न रेंगाळता, एकामागून एक.

हिशेब समजून घ्या

८० किलोच्या माणसाने ४५ मिनिटं झपाझप चालल्यावर साधारण २६० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ६० घरी बसूनही झाल्याच असत्या. म्हणजे खरी कमाई २००, पाच दिवसांची १,०००. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. नुसत्या चालण्याने एक किलो उतरायला सात-आठ आठवडे लागतील. वाचून वाईट वाटेल, पण हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात निराशा येत नाही.

आता चहाकडे बघा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर रोजची ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी. आठवड्याच्या १,१२०. तुमच्या पाच दिवसांच्या चालण्यापेक्षाही जास्त! साखर बंद केली, चालणंही चालू ठेवलं, तर तोच एक किलो चार आठवड्यांच्या आत जाऊ शकतो. कार्डिओ आणि ताट यांची जोडी का लागते, ते इथे दिसतं. चालून आल्यावर एक वडापाव खाल्ला की त्या दिवसाची कमाई गेली, आणि वर उधारी राहिली.

मनगटावरच्या घड्याळातला कॅलरीचा आकडा बऱ्याचदा बराच चुकतो, त्यावर भिस्त ठेवून खाऊ नका. प्लास्टिकचा घामाचा सूट घालून उतरतं ते पाणी, चरबी नाही. आणि फक्त पोटावरची चरबी घालवणारा व्यायाम नाही. चरबी अंगभर उतरते, कुठून आधी जाईल ते शरीर ठरवतं.

वजन उतरताना थोडे स्नायूही झिजतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर हात टेकून दंड, भरलेल्या पिशव्या उचलणं. जेवणात भाकरीसोबत उसळ, घट्ट वरण, दही किंवा अंडी असू द्या. चालून आल्यावर उरलेला दिवस खुर्चीत काढायचा नाही, फोनवर बोलताना येरझाऱ्या घाला.

काटा अडला तर

अडतोच. ८० चे ७२ झाले की तेवढ्याच चालण्यात साधारण दहा टक्के कमी कॅलरी जळतात, कारण वाहायचं ओझंच हलकं झालेलं असतं. शिवाय बायकांचं वजन पाळीच्या आसपास पाण्याने वाढतं, त्यांनी मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जागची हलली नाहीत, तरच आखणी बदला. आधी सहावा दिवस वाढवा, किंवा वेगाच्या सहा फेऱ्यांच्या आठ करा, किंवा रात्रीच्या ताटातला भात निम्मा करा. यातलं एकाच वेळी एकच, आणि त्याला पुढचे तीन आठवडे द्या.