तात्पर्य विचारू नका, गोष्ट थांबवा

मुलांना चांगले वळण लागावे म्हणून पुस्तक आणायचे आणि गोष्ट संपताच "यातून काय शिकलास?" असे विचारायचे, ही पद्धत आपल्या घरांत आणि शाळांत सारखीच रुळली आहे; पण या प्रश्नाला मूल आपल्याला हवे तेच उत्तर देते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी गोष्ट मध्येच थांबवावी. पात्रासमोर पेच उभा आहे आणि ते काय करणार हे अजून कळलेले नाही, अशा ओळीवर बोट ठेवून पुस्तक मिटावे आणि "तू काय केले असतेस?" एवढेच विचारावे. ही जागा हेरण्यासाठी पुस्तक आधी स्वतः वाचून ठेवावे लागते, त्याला इलाज नाही.

आपल्या भागाला ही रीत परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात एकामागून एक प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत.

गेल्या वेचणीच्या हंगामात, घरातली पुढची खोली कापसाने भरलेली असताना, मी माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिल्याची गोष्ट वाचून दाखवत होतो आणि नेमका त्या जागी थांबलो. ती म्हणाली, "वापस द्यावं, पण दुकानदार चांगला असन तरच." मी तिला दुरुस्त केले नाही, तो चांगला आहे हे कसे ओळखायचे, एवढेच विचारले. ती बराच वेळ गप्प बसली. रोज संध्याकाळी वेचणाऱ्या बायांच्या गाठोड्यांचे वजन वहीत लिहिण्याचे काम तिच्याकडे असल्यामुळे असेल, पण तिचे उत्तर आले, "वजनावरून." आणि लगेच तिने वडिलांकडे वळून विचारले, "मंग आपण गाठोड्यामागं एक किलो काहून कापतो?" ते फडक्याचे वजन असते, असे माझ्या भावाने सांगितले, पण दुसऱ्या दिवशी त्याने रिकामे फडके काट्याला टांगले, तेव्हा ते तीनशे ग्रॅमही भरले नाही. त्या संध्याकाळपासून वहीतली कपात बदलली.

पुस्तकातला प्रश्न असा घरापर्यंत येतो, याची तयारी मोठ्यांनी ठेवावी. ती नसेल तर कोड्यांचे पुस्तक वाचलेले बरे.

पुस्तक निवडताना ज्यात भला माणूसही चुकतो आणि चूक निस्तरताना त्याला त्रास होतो, अशा गोष्टींना माझी पसंती असते. सदा खरे बोलणारा राजपुत्र मुलांना लवकर कंटाळवाणा होतो. काळी मुलगी कुरूप, लंगडा माणूस कपटी, सावत्र आई दुष्ट, असे अनेक जुन्या गोष्टींत सापडते. ती पुस्तके लपवण्यापेक्षा "आपल्या गावात असे कोणी आहे का?" असे विचारावे, मुले स्वतःच ओळखीची माणसे आठवून पुस्तकाला खोटे पाडतात.

पुस्तके विकत घेणे जमत नसेल तर शाळेतील आणि गावच्या वाचनालयातील पुस्तके आहेतच, शिवाय बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक आहे. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत रोज वाचन होत नाही, आठवड्यातल्या दोन रात्री पुरतात. आजीला वाचता येत नसेल तर मुलानेच तिला वाचून दाखवावे, कारण थांबलेल्या जागी ती आपल्या तरुणपणीची एखादी अडचण सांगू लागते आणि ती कुठल्याच पुस्तकात नसते.

मुलाला तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकायची असेल तर न कंटाळता वाचावी, मात्र थांबण्याची जागा दर वेळी बदलावी.