पंप स्टार्टरच्या फर्मवेअरसाठी एचआयएल बेंच

रावेर-यावल पट्ट्यात एकाच डीपीवर बऱ्याच विहिरींचे पंप असतात. डीपीवरचा एक फ्यूज उडाला तरी चालू असलेल्या मोटरी त्या मेलेल्या फेजवर उलटा व्होल्टेज तयार करत राहतात. स्टार्टरला तिन्ही फेज जिवंत दिसतात, मोटर दोन फेजवर तापत राहते आणि ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगला जाते. एचआयएल (हार्डवेअर-इन-द-लूप) बेंचवर, म्हणजे खऱ्या बोर्डाला नकली सिग्नल देऊन त्याचं फर्मवेअर तपासायच्या मांडणीवर, फेज काढायचा म्हणून सरळ शून्य व्होल्ट दिले, तर फर्मवेअर दर वेळी पास होईल आणि शेतात मोटर जळेलच. त्यामुळे बेंचला हा खोटा फेज दाखवता आलाच पाहिजे.

आधी सुरक्षा. स्वस्त कंट्रोलरमध्ये (स्टार्टरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात) पॉवर सप्लाय बहुधा कपॅसिटर-ड्रॉपर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवायचा, असतो, त्यामुळे बोर्डाचा ग्राउंड थेट लाईनशी जोडलेला. अशा बोर्डाला मेन्सवर असताना एसटी-लिंक (चिपमध्ये फर्मवेअर भरायचं यूएसबी साधन) लावली की लॅपटॉप गेला आणि हात लागला तर माणूसही. मेन्सची बाजू पूर्ण तोडा, बोर्डाला आयसोलेटेड अ‍ॅडॅप्टरवरून त्याच्या रेलचा डीसी द्या आणि सिग्नल व्होल्टेज कमी करणाऱ्या डिव्हायडरच्या पुढे, एडीसीच्या (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाच्या) पिनेवर सोडा.

लाटा बनवायला न्यूक्लिओ-जी४७४आरई हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. त्याच्या चिपचे १२ बिटांचे तीन डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारे भाग) बाहेर पिनांवर मिळतात: पीए४, पीए५, पीए६. पीए५ वर बोर्डाचा एलईडी आहे, तेव्हा तिथली लाट स्कोपवर एकदा बघून घ्या. साइन टेबल १२० नमुन्यांचं ठेवा. ५० हर्ट्झला टायमर ६ किलोहर्ट्झवर चालतो आणि १२० अंशांचं अंतर बरोबर ४० नमुन्यांचं होतं. १०० नमुने घेतले तर ते ३३.३३ येतं आणि फेजचा कोन कायम थोडा चुकतो. मध्यबिंदू १.६५ व्होल्ट. प्रत्येक आउटपुटला १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचा फिल्टर. सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) करंटसाठी १०० किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल), पाठोपाठ तसेच दोन फिल्टर.

चाचण्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायटेस्टने (पायथनच्या चाचणी साधनाने) चालवा, पण वेळ पायथनमध्ये मोजू नका; लिनक्स मध्येच दुसऱ्या कामात गुंतला की काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतात. रिलेची पिन न्यूक्लिओच्या इनपुट कॅप्चरला (पिन बदलल्याची नेमकी वेळ टिपणाऱ्या टायमरला) जोडा. दोष कधी दिला आणि रिले कधी पडला, दोन्ही एकाच टायमरवर नोंदवा. बेंचवर दोन एसटी-लिंक असतात, म्हणून फर्मवेअर चढवणाऱ्या ओपनओसीडी या प्रोग्रॅमला सिरियल नंबर द्या, नाहीतर एखाद्या रात्री कंट्रोलरचं फर्मवेअर सिम्युलेटरवर, म्हणजे न्यूक्लिओवर, चढेल.

आता मुख्य चाचणी. एका फेजचा व्होल्टेज ६० ते ९५ टक्क्यांपर्यंत पाच-पाचने वाढवत न्या, प्रत्येक टप्प्याला कोन ०, ५, १० आणि १५ अंशांनी सरकवा. सोबत करंटही खरा द्या: तुटलेल्या फेजचा शून्य, उरलेल्या दोघांचा साधारण १.७ पट. एकच सीटी असेल तर ती तुटलेल्या फेजवर धरूनही पूर्ण फेरी चालवा. हीच जागा सगळ्यात घातक आहे. करंट शून्य दिसल्यावर फर्मवेअर ‘विहीर कोरडी’ समजून ड्राय-रनमध्ये (पाणी नसताना पंप बंद ठेवायच्या अवस्थेत) जातं आणि ठरलेल्या वेळाने मोटर पुन्हा चालू करतं. दोन फेजवर थांबलेली मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि प्रचंड करंट ओढते. म्हणून फक्त ट्रिप झालं का एवढं बघून टेस्ट पास करू नका. कारणाचा कोडही तपासा.

फेजांचा क्रम उलटा करायला दुसऱ्या आणि तिसऱ्या फेजच्या ४० आणि ८० नमुन्यांच्या अंतरांची अदलाबदल पुरते.

लाईट जाण्या-येण्याची चाचणी करताना बोर्डाचा सप्लाय मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा, पण त्याआधी सगळे डॅक आणि पीडब्ल्यूएम शून्यावर आणा. नाहीतर एडीसीच्या संरक्षक डायोडमधून करंट शिरतो, मायक्रोकंट्रोलर अर्धवट जिवंत राहतो आणि रीसेट झालाच नाही हे कळतही नाही. ५०, २००, ५०० मिलिसेकंद आणि २ सेकंद असे खंड द्या.

रिलेवर एलईडी लावून भागवू नका, मोटर जोडणारा-तोडणारा खरा कॉन्टॅक्टर लावा. कॉइल २४० व्होल्टची असेल तर तिला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी. कॉइल सुटताना येणारा झटका बोर्ड रीसेट करतो का, हे शंभर वेळा चालू-बंद करून पाहा. करत असेल तर कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स-२ दर्जाचा स्नबर (झटका शोषणारी जोडणी) टाका आणि तीच फेरी पुन्हा चालवा.