एपिडॉरसच्या शिलालेखांतील रोगमुक्तीच्या कथा कशा वाचाव्यात

ग्रीसमधील एपिडॉरस येथे अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेचे मोठे तीर्थक्षेत्र होते. रोगी तेथे शुचिर्भूत होऊन ‘अबाटॉन’ नावाच्या दालनात झोपत आणि देव स्वप्नात येऊन आपल्याला बरे करील, या श्रद्धेने रात्र काढत. रोगमुक्तीच्या अशा सुमारे 70 कथा इ.स.पूर्व चौथ्या शतकातील शिलापट्टांवर कोरलेल्या आहेत. त्यांना भाकडकथा ठरवून बाजूला सारू नये आणि प्रत्येक कथेत आजच्या एखाद्या आजाराचे निदानही शोधू नये.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की या कथा रोग्यांनी लिहिलेल्या नाहीत. देवस्थानाने त्या संकलित करून नव्याने येणाऱ्यांसाठी मांडल्या आहेत. म्हणून प्रत्येक कथेतील नाव, गाव, व्याधी, स्वप्न आणि ‘उजाडल्यावर बरा होऊन बाहेर पडला’ हा ठरलेला शेवट वेगळा काढावा. जे या साच्याबाहेर उरते, तेथे अधिक वेळ थांबावे.

अथेन्सच्या अँब्रोसियाची कथा यासाठी उत्तम आहे. एका डोळ्याने अंध असलेली ही स्त्री देवाला शरण आली होती, तरी परिसरात फिरताना, नुसत्या स्वप्नाने लंगडे आणि आंधळे बरे होणे अशक्य आहे, असे म्हणून ती हसली. स्वप्नात देवाने तिला बरे करण्याचे वचन दिले, पण तिच्या अज्ञानाची खूण म्हणून चांदीचे डुक्कर अर्पण करावे लागेल असे बजावले. मग रोगट डोळा चिरून त्यात औषध ओतले. अविश्वासाला जागा देऊन त्याचे उत्तरही त्याच दगडावर कोरणारी ही रचना मला विलक्षण वाटते.

क्षेत्राचे नियमही हाताशी ठेवावेत. तेथे जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते, असे प्रवासवर्णनकार पॉसेनिअस नोंदवतो. हे ठाऊक असले, की याच शिलापट्टांवरील दुसऱ्या एका कथेतील, पाच वर्षे गरोदर असलेली क्लेओ क्षेत्राबाहेर पडताच का प्रसूत होते, ते उलगडते.

यानंतर प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील अपस्मारावरचा (फेफऱ्यावरचा) ग्रंथ वाचावा. मंत्र आणि शुद्धिविधी करणाऱ्यांवर तो कठोर टीका करतो, तरीही सर्वच रोग दैवी आणि सर्वच मानवी आहेत, असे म्हणतो. मात्र देवळातील उपचार आणि वैद्यांचे शास्त्र हे दोन शत्रुपक्ष होते, असे गृहीत धरू नये: अँब्रोसियाच्या स्वप्नातला देवही शस्त्र आणि औषधच वापरतो, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील थोर वैद्य गेलन सांगतो की वडिलांना पडलेल्या स्वप्नामुळे त्यांनी त्याला वैद्यक शिकायला लावले.