चमकणारं पाणी बघायला कयाकने जाताना

समुद्री कयाकच्या सहलींमध्ये मी सगळ्यात मागची होडी चालवते. पुढे मुख्य गाईड, मध्ये पाहुणे आणि शेवटी मी. कुणी मागे पडलं, कुणाच्या तळहाताला फोड आला, कुणी गप्प झालं की ते आधी मला कळतं. दिवसभर वल्हवून रात्री समुद्रातला जिवंत प्रकाश बघायला येणाऱ्या माणसांची रात्र कशामुळे वाया जाते आणि कशामुळे ती जन्मभर लक्षात राहते, हे मी मागून बघत आले आहे. तेच इथे सांगते.

तारीख ठरवताना सुट्टी बघू नका, तिथी बघा. हा प्रकाश फार मंद असतो आणि चांदण्यात विरून जातो. मी पहिल्यांदा गेले ती शुद्ध एकादशी होती. आयोजकांनी चंद्राबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. दीड तास आम्ही नुसतं पाणी ढवळत बसलो. निघता निघता मी चंद्राच्या विरुद्ध बाजूला, होडीच्या सावलीत हात घातला, तेव्हा बोटांपाशी दोन-चार ठिणग्या उडाल्या. म्हणजे पाण्यात सगळं होतं, आम्हीच नको त्या रात्री आलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. वद्य पंचमीला तो वर येईतो रात्रीचे दहा-साडेदहा होतात, अष्टमीला मध्यरात्र होते. म्हणजे वद्य पंचमीपासून अमावास्येनंतरच्या बीजेपर्यंत संध्याकाळी चांगला काळोख मिळतो. बहुतेक जण अमावास्याच धरून बसतात. मी मात्र नवख्या माणसाला वद्य अष्टमी ते द्वादशी हे दिवस सुचवते. अमावास्येला उधाण असतं, पाण्याची चढउतार मोठी आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जोरात. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांत भांगाची, म्हणजे लहान चढउताराची भरती येते, ओढ कमी होते, आणि चंद्र तर मध्यरात्रीशिवाय उगवणार नसतो. काळोख तेवढाच मिळतो, हातांवरचा ताण कमी होतो.

पैसे भरण्याआधी गाईडशी स्वतः बोला. रात्री एका गाईडमागे किती होड्या असतात? वारा वाढला तर परत फिरायचं कोण ठरवतं आणि पाणी किती खवळलं की ठरवतं? गेल्या दोन-चार रात्री काय दिसलं? शेवटच्या प्रश्नाला जो 'हमखास दिसणार' असं ठोकून देतो, त्याच्याकडे मी स्वतः जाणार नाही. प्वेर्तो रिकोमधल्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे ही जगातली सर्वांत तेजस्वी खाडी म्हणून गिनीज बुकात नोंदलेली आहे. २०१७ साली मारिया चक्रीवादळ येऊन गेलं आणि तीसुद्धा काही महिने अंधारात गेली. जिवंत गोष्टीची हमी कुणी देऊ नये.

चमकतं ते काय, हे आधी समजून घ्या, कारण रात्री कसं वागायचं ते त्यावरूनच ठरतं. बहुतेक ठिकाणी हे डायनोफ्लॅजेलेट गटातले एकपेशीय प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव असतात. त्यातला नॉक्टिल्युका सिंटिलन्स साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून लहान, तरी नजर बारीक असेल तर काचेच्या पेल्यात ठिपक्यासारखा दिसतो. मॉस्किटो बेमधला पायरोडिनियम बहामेन्स मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. पाणी हललं की पेशीच्या आवरणावर ताण येतो, आतल्या बारीक पिशव्यांमधली आम्लता वाढते आणि ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ल्युसिफेरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावतं. त्यातून निळसर प्रकाश निघतो, एका वेळी सेकंदाचा दहावा हिस्सा इतकाच. खायला आलेला बारीक जीव त्या लकाकीने दचकतो, आणि त्याला खाणाऱ्या माशाला त्याचा पत्ताही लागतो. म्हणजे आपलं वल्हं त्यांना शत्रूसारखं वाटतं, तेव्हा ते चमकतात.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एकाच जागी हात फिरवत राहिलात तर प्रकाश मंद होत जातो, कारण त्याच पेशींमधला साठा संपत येतो. थोडं पुढे सरका, पुन्हा उजळेल. म्हणूनच रात्री एकामागे एक रांग लावण्यापेक्षा होड्या शेजारी-शेजारी, आडव्या पसरलेल्या बऱ्या. नाहीतर मागच्याला ढवळलेलं पाणी मिळतं. दुसरं असं की यांतल्या अनेक जातींच्या आतच घड्याळ असतं. दिवसा तेच पाणी अंधाऱ्या खोलीत नेऊन हलवलं तरी त्या चमकत नाहीत. तेव्हा अंधार पडल्या पडल्या काही दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका, तासभर थांबा.

आता दिवसाबद्दल. दिवसाचं वल्हवणं म्हणजे रात्रीपर्यंत वेळ काढणं, असं लोकांना वाटतं. तसं अजिबात नाही. दिवसा हाताला जे वळण लागेल तेच काळोखात कामाला येतं. पाय पुढच्या आधारावर टेकवा, गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ. वल्हं दंडाने ओढू नका, कमरेपासून धड वळवा आणि त्या जोरावर वल्हं मागे न्या. मूठ सैल ठेवा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात येणारा फोड हा घट्ट पकडीचाच असतो, आणि रात्री खाऱ्या पाण्यात तो असा चुरचुरतो की बाकी काही सुचत नाही. दोघांची कयाक असेल तर लय पुढच्याने धरायची आणि मागच्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. दिशेची जबाबदारी मागच्याची. नवरा-बायको एका होडीत असले की यावरूनच जुंपते, म्हणून हे किनाऱ्यावरच ठरवून टाका.

होडी उलटण्याचा सराव उजेडी, उथळ पाण्यात एकदा तरी करा. गाईडने तो नाही घेतला तर घ्यायला सांगा. कमरेला स्प्रे स्कर्ट, म्हणजे होडीत पाणी येऊ नये म्हणून बसायच्या जागेच्या तोंडावर ताणलेलं कापड असेल तर पुढे वाका, पुढचा फास शोधून ओढा, दोन्ही हातांनी होडी मांड्यांवरून ढकला आणि बाहेर या. बाहेर आल्यावर होडी आणि वल्हं दोन्ही धरून ठेवायचं. रिकामी होडी वाऱ्याने माणसाच्या पोहण्यापेक्षा भराभर लांब जाते.

दुपारी विसाव्याला थांबलो की मी पाहुण्यांना होडीत बसवून डोळे मिटायला सांगते. शिट्टी कुठे आहे? टॉर्च? स्कर्टचा फास? पाण्याची बाटली? बहुतेकांचे हात आधी हवेत चाचपडतात. दोन-तीनदा केलं की हात सरळ जागेवर जातात. मग गाईड शेजारी असताना डोळे मिटून दहा वल्ही मारायची आणि शेजारच्याच्या आवाजावरून सरळ राहायचं. एकदा एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी हे इतक्या मन लावून केलं की रात्री सगळ्यांत शांत होडी त्यांची होती.

जोर राखून ठेवा. रमतगमत वल्हवलं तर ताशी चार-पाच किलोमीटर अंतर सहज होतं आणि दिवसभरात दहा-बारा किलोमीटर पुष्कळ झाले. दुपारनंतर जमीन तापली की खारे वारे जोर धरतात, म्हणून उघड्या समुद्राचा टप्पा सकाळीच उरकून घ्यावा. तासाला अर्धा लिटर पाणी प्या, तहान लागण्याची वाट बघू नका. उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा आणि गळ्याशी बांधलेली टोपी मी जास्त भरवशाची मानते. क्रीम आणि डासांचा मलम पाण्यात उतरतो आणि या जिवांना बाधतो. मॉस्किटो बेमध्ये पोहायलाच बंदी आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. लावलंच असेल तर संध्याकाळी गोड्या पाण्याने, समुद्रापासून लांब, धुऊन टाका.

सूर्य मावळला की ओले कपडे बदला. सुती नको. ओलं सूत अंगाला चिकटून राहतं आणि वारा लागला की हुडहुडी भरते. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. पातळ लोकर किंवा पॉलिस्टर, वर वारा अडवणारं जॅकेट, त्यावर लाइफ जॅकेट, सगळे पट्टे ओढून. हे उष्ण हवेतही करा.

आणि मग डोळे. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे. काळोखात बघायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्यावर एकदा नजर गेली की ती सगळी कमाई जाते, तुमची आणि शेजारच्याचीही. फोन ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून होडीच्या पोटात ढकला. खिशात ठेवलात तर हात जाणारच. काही बघायचंच असेल तर मंद लाल दिवा वापरा, कारण काळोखात बघणाऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ जाणवत नाही. पण पांढरा टॉर्चही गळ्यात किंवा जॅकेटला बांधलेला हवाच. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांनुसार वल्ह्याच्या होडीवर निदान पांढऱ्या उजेडाचा टॉर्च हाताशी तयार लागतो आणि दुसरी बोट जवळ येताना वेळेत दाखवावा लागतो. इंजिनाचा आवाज आला की डोळ्यांची पर्वा करायची नाही. लाइफ जॅकेटच्या पाठीवर एक छोटी चमककांडी लावतात, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून नखाएवढीच फट ठेवा. मागच्याला तेवढी पुरते.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक होडीला क्रमांक द्यायचा आणि दर दहा मिनिटांनी मोजणी करायची. 'एक', 'दोन', 'तीन'… शेवटचा आकडा मी देते आणि तो देईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. शिट्टीचे अर्थही आधीच ठरवा. एक शिट्टी म्हणजे थांबा आणि इकडे बघा, सलग शिट्ट्या म्हणजे मदत हवी, हे आमचं ठरलेलं आहे. तुमच्या गाईडचं वेगळं असेल तर त्याचं ऐका.

रात्री वारा उलटा फिरतो, हे विसरू नका. जमीन गार झाली की मतलई वारे किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहू लागतात. तोंडावर जाणवतही नाहीत, पण तुम्ही हात थांबवून पाण्याकडे बघत बसलात की होडी हळूहळू बाहेर सरकते. म्हणून आम्ही किनाऱ्यावरचे दोन ठळक उंचवटे एका रेषेत धरतो. रेषा मोडली की सरकलो.

पहिली लकाकी बहुतेक वेळा वल्ह्याच्या टोकाशी दिसते. ज्याकडे बघायचं त्याच्या किंचित बाजूला नजर ठेवा, मंद उजेड तसा जास्त दिसतो. मग थांबा. वल्हं आडवं धरून ठेवा आणि त्यावरून निथळणारे थेंब ऐका. प्रत्येक थेंब पडतो तिथे एक निळं कडं उमटतं आणि विझतं. हळूच हात पाण्यात सोडा, बोटं पसरून. मनगटाभोवती प्रकाश वाहतो. हात वर घेतला की कधी नखाच्या कडेला एखादा ठिपका चिकटून राहतो. अंगठ्याने हलकेच दाबला की तो पुन्हा एकदा उजळतो. मी अजूनही दर वेळी तो ठिपका परत पाण्यात बुडवते. होडीखालून मासा गेला तर त्याची अख्खी वाट उमटते, बाणासारखी सरळ आणि मध्येच एकदम वळलेली. पावसाची सर आली तर पळू नका, विजा नसतील तर बसून राहा. सगळं पाणी ठिणग्यांनी भरून जातं.

आरडाओरडा करून वल्ही आपटण्यात मजा येते, ती एकदा घ्या आणि सोडून द्या. हळू हललं तर जास्त दिसतं. हाताला कापलेलं असेल तर पट्टी लावा, पाणी तोंडात जाऊ देऊ नका. यांतल्या काही जाती विषारी असतात. पायरोडिनियम सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष बनवू शकतो आणि ते शिंपल्यांत साठतं, म्हणून अशा पाण्यातले शिंपले काढून खायचे नाहीत.

फोटो होडीतून येत नाहीत. होडी हलते, फोटोला पाच-दहा सेकंदांचं स्थिर एक्स्पोजर लागतं. हौस असेल तर किनाऱ्यावरून, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून काढा.

परत येताना माणसं थकलेली आणि भारावलेली असतात, आणि एकमेकांवर आदळतात ती याच वेळी. दोन होड्यांत चार-पाच होड्यांच्या लांबीएवढं अंतर ठेवा. किनाऱ्याला एकेक होडी लागू द्या. पहिली वर ओढून झाली की दुसरी. पाय खाली टाकताना होडीच्या किनाऱ्याकडच्या बाजूला उभे राहू नका, लाट होडी तुमच्या गुडघ्यांवर आणते.

शेवटची मोजणी वाळूवर होते. माझा आकडा आला की सगळे टॉर्च शोधायला लागतात, तेव्हा मी थांबा म्हणते. ओल्या वाळूत एक पाऊल जोरात दाबा. टाचेभोवती निळा उजेड फुटतो आणि पाऊल उचलेपर्यंत विझतो. सगळे गोल उभे राहून हे करतात, मोठी माणसंसुद्धा, एक शब्द न बोलता. मग लाटेची रेषा मागे हटते, वाळू कोरडी पडते, आणि आम्ही दिवे लावून होड्या उचलायला घेतो.