फायबर होडीची कुजलेली फळी

आमची 18 फुटी फायबरची होडी मालवणला दांडी किनाऱ्यावर असते. आउटबोर्डला, म्हणजे मागे टांगलेल्या इंजिनाला, जोर दिला की ते जिच्यावर बसतं ती मागची फळी किंचित झुकायची. बाबा म्हणाले, "बोल्ट आवळ." आवळले, तर वायसर फायबरात रुतले. मग हातोडीने हलके ठोकत गेलो. वर टणटण, खाली बोल्टांपाशी नुसता बद्द आवाज. फळीच्या फायबरआतलं प्लायवूड कुजलं होतं.

आतला थर ग्राइंडरने कापून काढला. प्लाय काळं पडलेलं, मुठीत पिळलं की पाणी गळायचं. बोल्टांच्या भोकांना सीलंटच नव्हतं, खारं पाणी तिथूनच मुरत गेलेलं. सगळं खरवडून कवचाला आठ दिवस ऊन दिलं. इथे घाई अजिबात करू नका, ओल्या फायबरला रेझिन धरत नाही. आणि मास्क लावाच, ती धूळ छातीत बसते.

12 मिमी मरीन प्लायचे तीन थर इपॉक्सीने चिकटवून बसवले. वर लावायला आधी साधी चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे-तंतूंची चटई, घेतली होती. ती इपॉक्सीत नीट भिजेचना, कारण तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. शेवटी विणलेलं फायबरकापड आणलं.

बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी पाडली, इपॉक्सीने भरली, कडक झाल्यावर मधोमध पुन्हा पाडली. आता लाकडाला पाणी लागायचा प्रश्नच नाही.

परवा इंजिनाला पूर्ण जोर दिला. बाबा फळीवर हात ठेवून बसले होते. हलली नाही.