"तुझी इच्छा होवो" हे प्रार्थनेत खरंच कसं म्हणायचं

पुण्याची नोकरी घ्यावी की इथेच नागपुरात मिहानच्या एखाद्या कंपनीत काही बघावं, आलेलं स्थळ पक्कं करावं की नाही, अशा वेळी आपण प्रार्थना करतो, पण निर्णय बहुतेक आधीच झालेला असतो, अर्ज टाइप करून नेलाय आणि साहेबाची फक्त सही पाहिजे असं आपलं चाललेलं असतं. शेवटी "प्रभू, तुझी इच्छा होवो, आमेन" म्हणतो, ते पण सवयीने.

सुरुवात कुठून करायची तर स्वतःला काय पाहिजे ते आधी साफ बोलून टाका. बऱ्याच जणांना वाटतं की आपली इच्छा सांगणं म्हणजे स्वार्थ, म्हणून ते पहिल्याच वाक्यात पवित्र होऊन जातात आणि मनातलं मनातच राहतं. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने काय केलं बघा (लूक २२:४२), आधी सरळ मागितलं की हा प्याला, म्हणजे येणारं दुःख, माझ्यापासून दूर कर, मग म्हणाला की माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आणि मत्तय सांगतो त्याने तीनदा प्रार्थना केली. त्यालाही परत परत जावं लागलं तर आपलं एका झटक्यात काहून होईल? म्हणून "देवा, मला पुण्याचीच नोकरी पाहिजे, पगार चांगला आहे आणि इथे सगळे नातेवाईक विचारून राहिले" असं बिनधास्त बोला, देवासमोर उपासनेतली भाषा लागत नाही.

मग त्याच मागणीला विचारा, काहून पाहिजे? याकोब ४:३ मध्ये लिहिलंय की तुम्ही चैनीसाठी, वाईट हेतूने मागता म्हणून मिळत नाही. खरं कारण वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. मला तरी वाटतं अर्धी प्रार्थना इथेच होते, कारण "कुटुंबासाठी" असं लिहिल्यावर खाली हळूच "चुलतभावाला दाखवायला" पण निघतं.

काही गोष्टींवर मात्र उपवास-प्रार्थना करत बसू नका. खोटं अनुभव प्रमाणपत्र लावू का, याचं उत्तर बायबलमध्ये आधीच लिहिलेलं आहे.

चिन्ह मागण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हे करू नका. लोक गिदोनाची लोकर काढतात, की त्याने पण रात्री जमिनीवर लोकर ठेवून देवाकडे दवाचं चिन्ह मागितलं होतं, पण शास्ते ६ नीट वाचा, देवाने त्याला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं, तो नुसती खात्री करून घेत होता आणि दुसऱ्यांदा मागताना तर माझ्यावर रागावू नको म्हणत होता. त्यापेक्षा पाळकांना नाहीतर चर्चमधल्या एखाद्या मोठ्या ताईंना विचारा, ज्या तुमच्या तोंडावर नाही म्हणू शकतील अशांना. आणि कोणी येऊन "देवाने मला सांगितलं की तू याच्याशीच लग्न कर" म्हणालं तर ऐकून घ्या, पण तेवढ्यावर हो म्हणू नका.

नाही असं उत्तर येऊ शकतं हे धरून चला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलासा त्रास, काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं मिळालं (२ करिंथ १२). त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही, मग आजारी माणसाला पण म्हणू नका.

प्लॅन करताना "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणा, याकोब ४:१५ तेच शिकवतो. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. उद्याचं कोणाच्याच हातात नसतं, मिशनरीच्याही नाही.

आणि आकाशवाणीची वाट बघत घरी बसू नका. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल चालतच होता, आशियात (तेव्हाचा रोमी प्रांत) पवित्र आत्म्याने अडवलं, बिथुनियात अडवलं, त्रोवसला आल्यावर मकेदोनियाचा माणूस बोलावतोय असं दर्शन झालं आणि लगेच निघाला. फॉर्मची लास्ट डेट आली, बायबलविरुद्ध काही नाही, घरच्यांशी बोलणं झालंय, तर फॉर्म भरा. त्याला नको असेल तर दार बंद करायला देव आहेच, तोवर प्रार्थना चालू ठेवा.