पावसात बागेतल्या फुलांचे क्लोजअप कसे काढायचे

सगळ्यात आधी एक सांगते, धो धो पाऊस चालू असताना क्लोजअपच्या नादाला लागू नका. थेंब पडतो, पाकळी हलते, फोकस जातो, हाती काहीच लागत नाही. सर येऊन गेली की बाहेर पडायचं. आभाळ भरलेलं असलं तर फारच छान, कारण तेव्हा उजेड चहूकडून सारखा येतो, कडक सावल्या पडत नाहीत.

कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट अंगणात आणला की लेन्सवर वाफ धरते. ती सदऱ्याच्या टोकाने पुसत बसू नका, ओरखडे पडतात. बॅग बंदच ठेवून वीस मिनिटं गॅलरीत ठेवली की काम होतं. झिमझिम चालू असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा, बास.

आता फूल निवडा. त्याच दिवशी सकाळी उमललेलं बघा, कालचं गुलाब पावसाने डागाळलेलं असतं आणि ते डाग क्लोजअपमध्ये जास्तच दिसतात. गोकर्णाची पाकळी भिजली की लोळागोळा होते, तिच्या मागे वेळ घालवू नका. जास्वंद, तेरडा, कर्दळ ही पावसात टिकून राहणारी मंडळी.

जास्वंदीत एक गोची आहे. तिचा मधला दांडा बराच पुढे आलेला असतो, त्यामुळे समोरून फोटो काढला की टोकावरच्या पाच लाल टिकल्या तरी शार्प येतात नाहीतर मागच्या पाकळ्या तरी, दोन्ही एकदम येत नाहीत, कारण इतक्या जवळून फोकसमध्ये राहणारी जागा फार थोडी असते. म्हणून बाजूला या, दांडा कॅमेऱ्याला समांतर राहील असं उभं राहा, मग टिकल्या, पिवळे पुंकेसर आणि त्यांच्यावर अडकलेले बारके थेंब सगळं एका रेषेत मिळतं.

सेटिंग म्हणाल तर एफ ८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ८०० पासून सुरुवात करा, अंधारलं तर आयएसओ १६०० करा, थोडा ग्रेन म्हणजे दाणेदारपणा आला तरी चालेल पण हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. खरा वैरी वारा आहे, पाणी नाही. देठाला एक काठी टेकवून सैलसर दोरा बांधा, किंवा कुणालातरी वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून उभं करा (घरातली मुलं हे काम खुशीने करतात), आणि मग ओळीने पाचसात फोटो काढा. लाल फुलांना एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली, उणे ०.७ च्या आसपास, नाहीतर जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरा गायब होऊन नुसता लाल डाग उरतो.

मोबाईलवाल्यांनी लेन्स आधी पुसावी, निम्मे धुरकट फोटो तिथेच सुधारतात. फुलाच्या अगदी जवळ गेलं की बरेच फोन आपोआप वाइड लेन्सवर जातात, फुलाचा आकार वाकडा दिसतो आणि फोनचीच सावली पडते, तेव्हा जरा मागे येऊन झूम टू एक्स किंवा थ्री एक्स करून बघा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करायचा. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही तेव्हा व्हॉल्यूमचं बटण वापरायचं.

थेंबात फूल दिसतं तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो. त्यासाठी गवताच्या टोकाला लटकलेला थेंब शोधा आणि चारपाच इंचांवर मागे एखादं फूल येईल असं बघा, तोडलेलं फूल धरलंत तरी चालतं. थेंब लेन्सचं काम करतो, म्हणून आत फूल उलटं दिसतं. फोकस थेंबाच्या कडेवर नाही, आतल्या छोट्या फुलावर हवा, कॅमेरा किंचित पुढेमागे करत राहायचं. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या नुसत्या किट लेन्सने हे जमत नाही, मॅक्रो लेन्स (अगदी जवळचं मोठं टिपणारी) किंवा लेन्सवर चढवायचा भिंगासारखा क्लोजअप फिल्टर लागतो. मोबाईलला चिमटा लावायची मॅक्रो लेन्स मिळते, तीही पुरते.

काम झालं की कॅमेरा लगेच बॅगेत कोंबू नका. कोरड्या फडक्याने पुसून, थोडा वेळ उघड्यावर ठेवून, मग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात लेन्सला बुरशी फार पटकन धरते.